गच्चीवरचा तारतंत्री

हिरवी रोजी : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण पुण्याच्या ‘स्वच्छ’ संस्थेतल्या कचरावेचकांबरोबर दारोदार फिरलो. आज जिना चढून गच्चीवर जाऊ.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीतला एखादा पालक हमखास विचारतो, “पर्यावरणात काही स्कोप आहे का हो?” त्याच्या मनात असते ती पदवी, जिच्या नावातच ‘पर्यावरण’ आहे. त्या पदव्यांशी माझं भांडण नाही. पण हिरवं काम शोधायचं तर अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा संध्याकाळी हात कशाने मळले ते बघावं. आयटीआयच्या यादीत ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’ म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन जुने व्यवसाय आहेत. त्यांना ‘ग्रीन’ असं कुणी म्हणत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवण्याचं. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, हे आता गावोगाव पाठ झालंय. अनुदान थेट बँकेत येतं. पॅनल मात्र अशा एखाद्या तारतंत्र्यालाच खांद्यावरून वर न्यावं लागतं. साडेपाचशे वॉटच्या एका पॅनलचं वजन पंचवीस किलोच्या वर भरतं.

आणि हे काम नुसतं ओझ्याचं नाही. घरातली दुरुस्ती करताना वायरमन आधी मेन स्विच पाडतो. पॅनलवर ऊन पडतंय तोवर त्याच्या टोकांवर दाब असणारच, त्याला बंद करायचं बटण नसतं. अशी दहा पॅनल एकापुढे एक जोडली की दाब चारशे व्होल्टच्या वर जातो, तोही डीसी. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत ती सवलत नाही. एखादा कनेक्टर नीट दाबून बसवला नाही, तर तो तापत राहतो आणि एखाद्या दुपारी पेट घेतो. म्हणजे ज्या मुलाला आपण ‘स्क्रू पिळणारा’ समजतो, त्याच्या चिमट्याच्या एका दाबावर घर अवलंबून असतं.

सावलीचंही तसंच. आमच्या सोसायटीची पाहणी झाली मे महिन्यात. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली तिच्या पायाशी. सगळे खूश. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला आणि भर दुपारी दोन मीटर उंच टाकीची सावली १.८ मीटर उत्तरेकडे सरकून नेमकी पहिल्या ओळीवर पडली. सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. साखळीतल्या काही पॅनलवर सावली आली की अख्ख्या ओळीची वीज घसरते. पाहणीला आलेल्याकडे महागडं ॲप होतं. हवं होतं ते भूगोलाच्या पुस्तकातलं दक्षिणायन.

हे शिकवणारी सोय आहे. २०१५ पासून केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम चालवला. दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलांसाठी, विनाशुल्क. पुढची पायरीही आहे. अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी आणि काही वर्षांचा अनुभव असलेल्यांना ऊर्जा दक्षता ब्युरोची चार पेपरांची परीक्षा देऊन ऊर्जा लेखापरीक्षक होता येतं. शिवाय उभारणी संपली तरी काम संपत नाही. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं, इन्व्हर्टर साधारण दहा-बारा. काच धुवायची ती पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं की ती तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात ते वेगळेच.

आता दुसरी बाजू. हे काम बऱ्याचदा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडचं असतं. एप्रिलच्या पत्र्यावर कमरेला पट्टा न बांधता चालणारी पोरं मी पाहिली आहेत. अशा नोकरीला ‘हिरवी’ म्हणून पोस्टरवर चढवताना माझा हात अडखळतो. शाळांच्या करिअर मेळाव्यात पोस्टर लावण्यापेक्षा एखाद्या तरुण तारतंत्र्याला मल्टिमीटर घेऊन वर्गात उभं करावं. एक छोटं पॅनल खिडकीत ठेवून त्याने आकडा चढताना दाखवावा, मग त्यावर तळहात धरून तो पडताना. आणि पगार किती, हे मुलांनी विचारलं तर खरं सांगावं.

अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी संस्थेला विचारा : ६०० तासांतले छतावरचे किती? क्रिम्पिंगचा, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा प्रत्येकाच्या हाती येतो, की वीस जणांत एक? आणि मुलाखतीला जाल तिथे : सुरक्षापट्टा, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी कोण देणार, तुम्ही की तुमचा कंत्राटदार?

पुढच्या आठवड्यात ऊर्जा लेखापरीक्षकाबरोबर एका कारखान्याच्या बॉयलरजवळ उभं राहू. सुती कपडे घालून या.