पिशवी वाचवायची, तर रक्त राखायला हवे

“पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.” आमच्या पनवेलात डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते बाकावरच राहते असे नाही. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

आमच्या शेजारच्या सुनेला फायब्रॉइडची गाठ निघाली. चौतिशीची पोर, अजून मूलबाळ नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीतून गाठ तेवढी काढू, पिशवी ठेवू. तिच्या नवऱ्याने मला विचारले, “काका, रक्त फार जातं का हो?”

प्रश्न नेमका होता. गर्भाशयाला दोन्ही अंगांनी मोठ्या धमन्या रक्त पुरवतात. गाठ सोलून काढली की मागची खाच वाहू लागते. पोट उघडलेले असेल तर सर्जन हाताने दाबून धरतो. दुर्बिणीत हात बाहेर, आत फक्त बारीक अवजारे.

म्हणून बंदोबस्त आधीच. पाळीत रक्त जाऊन फिक्या पडलेल्या बाईला लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणतात. ऑपरेशनात गाठीभोवती सलाइनमध्ये पातळ केलेले व्हॅसोप्रेसिन टोचतात. रक्तवाहिन्या आकसतात, गुलाबी पिशवी बघता बघता पांढरी पडते. मात्र सुई शिरेत नाही ना हे पाहायचे आणि भूलतज्ज्ञाला आधी सांगायचे. औषध थेट रक्तात गेले तर हृदयावर बेतू शकते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड धरलेली गुठळी टिकवते. ते जपानच्या ओकामोटो दांपत्याने १९६२ साली पुढे आणले. खाच शिवायला आता काटेरी धागा आहे. टाका मागे सरकत नाही, गाठी मारण्यात वेळ जात नाही. काही सर्जन धमन्यांना तात्पुरता चिमटाही लावतात.

चिमट्याची कल्पना जुनी. लंडनचे सर्जन व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीची पिशवी अशा गाठींपायीच काढली गेली. त्यांना मूल झाले नाही. पुढे बॉनींनी पिशवी राखून गाठ काढण्याचा ध्यास घेतला. धमन्या दाबणारा त्यांचा चिमटा आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. कादंबरीत इतके सरळ कारण मी लिहिले असते, तर संपादकाने खोडले असते!

बँकेतल्या सवयीने मी संमतीपत्रातली बारीक अक्षरे आधी वाचतो. रक्त द्यावे लागेल, पोट उघडावे लागेल, क्वचित पिशवीही काढावी लागेल, असे तिथे असते. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, रक्त कमी जावे म्हणून आपण काय काय करणार? आमच्या शेजाऱ्याने विचारले. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून चित्रच काढून दाखवले.