गाठीची रसद तोडल्यानंतर

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते, उरलेले यकृताच्या धमनीतून. यकृतातच उद्भवणारा कर्करोग मात्र वाढू लागला की जवळजवळ पूर्णपणे धमनीवर पोसला जातो. त्यामुळे गाठीकडे जाणारी धमनीची शाखा बंद केली, तर गाठ उपाशी पडते आणि निरोगी यकृत शिरेच्या रक्तावर तग धरते. ‘टेस’ या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती या फरकावरच उभी आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ती जपानमध्ये आकाराला आली.

मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी आत घालून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती गाठीजवळ नेतात. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध लिपिओडॉलमध्ये, म्हणजे आयोडीनयुक्त खसखशीच्या तेलात, घोटून तिच्यातून सोडतात आणि मग जिलेटिनच्या कणांनी वाट बुजवतात. 2002 साली बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील चाचण्यांत निवडक रुग्णांचे आयुष्य यामुळे वाढल्याचे दिसले. ‘निवडक’ ही अट महत्त्वाची. पोर्टल शीर गुठळीने तुंबली असेल, तर धमनी बंद केल्यावर निरोगी भागालाही रक्त मिळेनासे होऊ शकते.

पुढे औषध सावकाश सोडणारे सूक्ष्म मणी आले. औषध शरीरभर कमी पसरू लागले, दुष्परिणामही घटले. पण आयुर्मानात जुन्या तेलापेक्षा ठळक फरक पडला नाही. खरी अडचण मण्यांत नव्हतीच. रक्त तोडले की गाठीत प्राणवायू कमी होतो, आणि मरणाऱ्या पेशींच्या कडेला काही पेशी तगतात. त्यांच्यातील ‘हिफ-1’ हे प्रथिन जागे होते, त्यातून ‘व्हीईजीएफ’ हा घटक वाढतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. थोडक्यात, उपचारच गाठीला नवी रसद शोधायला भाग पाडतो.

म्हणून आता वाट बुजवण्याच्या जोडीला नव्या रक्तवाहिन्या रोखणारी आणि प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे दिली जात आहेत. सोराफेनिबच्या जोडीने सुरुवातीला निराशाच केली. 2024 साली जाहीर झालेल्या ‘एमराल्ड-1’ चाचणीत मात्र टेससोबत ड्युर्व्हालुमॅब व बेव्हासिझुमॅब दिल्यावर रोग न वाढता गेलेला मध्यक काळ 8.2 महिन्यांवरून 15 महिन्यांवर गेला. आयुष्य तितकेच वाढले, असा याचा अर्थ नव्हे. ते वेगळे मोजावे लागते.

यिट्रियम-90 चे किरणोत्सारी मणी वेगळ्या तत्त्वावर चालतात. 20 ते 60 मायक्रॉनचे हे मणी गाठीतच रुतून काही मिलिमीटरपर्यंत किरणोत्सार करतात. किरणांचा परिणाम प्राणवायू असताना अधिक होतो, त्यामुळे येथे रक्तप्रवाह पुरता न थांबणेच फायद्याचे ठरते.

कोणत्याही पद्धतीत प्रत्येक फेरीबरोबर यकृताचीही थोडी झीज होते. दोन फेऱ्यांनंतरही गाठ दाद देत नसेल, तर टेस थांबवून सहसा शरीरभर पोहोचणाऱ्या औषधांकडे वळतात.