कुत्रे चावले? आधी साबण, मग लस

सन १९९८ मधली गोष्ट. मला दवाखाना टाकून जेमतेम दीड वर्ष झाले होते. एका संध्याकाळी जवळच्या वाडीतला एक शेतकरी आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. "दोन दिवस झाले, काही गिळत नाही. घशात काहीतरी झालंय बघा," असे त्याचे म्हणणे. मी पाण्याचा पेला पुढे केला. पेला ओठांशी नेताच मुलाचा घसा आवळला आणि तो घाबरून मागे सरकला. पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसेना. मी कुत्र्याविषयी विचारले. बाप म्हणाला, "दोन महिन्यांमागं पिल्लू चावलं होतं की. तुम्हीच तर इंजेक्शन दिलं होतं!"

मी दिले होते ते धनुर्वाताचे. कुत्र्याच्या लशीसाठी तालुक्याच्या रुग्णालयाची चिठ्ठीही लिहून दिली होती. पण ही दोन इंजेक्शने वेगळी आहेत, हे मी त्या माणसाला समोर बसवून सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी मुलगा गेला. ही चूक अर्धी माझी होती. म्हणून आज जे तेव्हा सांगायचे राहिले, ते सविस्तर सांगतो.

रेबीज म्हणजे काय?

रेबीज हा विषाणूमुळे होणारा मेंदूचा रोग आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत हे विषाणू असतात. चावल्यावर ते जखमेतून मज्जातंतूंत शिरतात आणि हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभर, तर क्वचित वर्षाहूनही अधिक. चेहरा, डोके, मान येथे चावा असेल तर अंतर कमी, म्हणून धोका अधिक. बोटांना मज्जातंतू पुष्कळ असल्याने तेथील चावाही वाईट.

एकदा लक्षणे दिसू लागली, की जगात कुठेही खात्रीचा उपचार नाही. रोगी बहुधा दगावतोच. पण विषाणू मेंदूत पोचण्याआधी लस घेतली, तर शरीर प्रतिकारशक्ती तयार करते आणि रोग टळतो. चावा झाल्यावर लस घेऊन उपयोग होतो, तो यामुळेच. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अशी लस दिली आणि तो वाचला.

चावल्याबरोबर काय करावे?

१) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. विषाणूवर स्निग्ध आवरण असते, साबणाने ते फुटते. कपड्याचा साधा साबण चालतो. नंतर आयोडीनचे औषध लावावे.

२) हळद, तिखट, चुना, तंबाखू, रॉकेल काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. टाके शक्यतो टाळावेत. घालावेच लागले तर जखमेत सिरम भरल्यानंतरच.

३) त्याच दिवशी लस सुरू करावी. खासगी दवाखान्यात ती दंडात देतात: पहिला डोस, आणि त्यानंतर ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. लहान मुलांना मांडीत देतात. कुल्ल्यावर घेऊ नये. सरकारी रुग्णालयात हीच लस कातडीत थोडी थोडी, दोन जागी देतात: पहिल्या दिवशी, मग ३, ७ व २८ व्या दिवशी. दोन्ही पद्धती सारख्याच गुणकारी आहेत.

४) रक्त आले असेल, किंवा जनावराची लाळ डोळ्यात, तोंडात अगर उघड्या जखमेवर पडली असेल, तर लशीबरोबर सिरम म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनही हवे. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर सिरम राखण करते. ते जखमेतच भरतात. पहिल्या दिवशी मिळाले नाही, तर सातव्या दिवसापर्यंत देता येते.

५) धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे, पण ते कुत्र्याचे इंजेक्शन नव्हे.

काही गैरसमज

"पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात" ही भीती अजून गेलेली नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. आपल्या देशात ती बंद होऊन वीस वर्षे झाली. आताची लस गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही देता येते. तिला पथ्य नाही.

"घरचे कुत्रे आहे, पिल्लू आहे." पिल्लालाही रेबीज होतो. मांजर, मुंगूस, कोल्हा, माकड यांच्यापासूनही धोका असतो. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरे, पण लस लगेच सुरू करून. कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस घ्यायचे की नाहीत ते डॉक्टर ठरवतील.

"म्हैस पिसाळली, तिचे दूध प्यायलो." उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही. पण संशय आलेल्या जनावराचे कच्चे दूध घेऊ नये. आणि शेतकरी बंधूंनो, जनावर लाळ गाळते, घशात काही अडकले असेल, असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नका. आधी पशुवैद्यांना बोलवा.

पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचावी आणि पुढे दरवर्षी. गावातल्या मोकाट कुत्र्यांचे लसीकरण हे ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने मनावर घेण्याचे काम आहे.

शेवटी एक विनंती आईवडिलांना. मार बसेल म्हणून मुले चावा लपवतात. कुत्र्याच्या वाटेला गेला म्हणून मुलाला रागावू नका. त्याने सांगितले, तरच त्याचा जीव वाचेल. आणि डॉक्टरांनी इंजेक्शन दिले तर संकोच न करता विचारा, "हे कशाचे?" आता मी ते न विचारताच सांगतो आणि पुढची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहून देतो.