खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील शेवाळ : संज्ञा आणि उपाय

मराठीतील ‘शेवाळ’ हा शब्द संस्कृत ‘शैवाल’ शब्दापासून आला असून तो मूळचा कमळांच्या तळ्यातला, गोड्या पाण्यातला आहे. अमरकोशात त्यास ‘जलनीली’ असेही नाव आढळते. पाण्यात अथवा ओल्या दगडावर जे जे बुळबुळीत वाढते, त्या सर्वांस मराठी भाषक हा एकच शब्द लावतो. नित्य व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. परंतु खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी ठेवणाऱ्यास हा एकशब्दीपणा महाग पडतो. कारण उपाय वस्तूगणिक निराळा, आणि शब्दाने तर सर्व वस्तू आधीच एक करून टाकलेल्या.

ठाणे खाडीच्या पूर्वेकडील बोनकोडे येथे अशी टाकी मांडणाऱ्यास समुद्र दाराशीच असल्याचा भास होतो. वस्तुतः खाडीचे पाणी म्हणजे खुल्या समुद्राचे पाणी नव्हे. समुद्राची क्षारता हजारी सुमारे ३५ असते. खाडीची पावसाळ्यात पुष्कळच उतरते, आणि शहरी सांडपाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट तिच्यात मिसळलेले असतात. म्हणजे टाकीत ओतावयाचे ते खतच. म्हणून तयार सागरी मीठ विरघळवून पाणी करणे इष्ट. तथापि तेही नळाच्या पाण्यात करू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहत आलेल्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. टाकीतील पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. ती तूट रोज नळाच्या पाण्याने भरली, तर सिलिकेची शिल्लक वाढत जाते. आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी घेणे हाच येथे खरा उपाय.

टाकीत जे वाढते त्यास घरगुती शब्दांनीच चार नावे देता येतील : भुकटी, लव, साय आणि खपली. काचेवर बसणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायाटम. सिलिकेचे कवच धारण करणारे हे सूक्ष्मजीव नव्या टाकीत हटकून येतात आणि सिलिका संपताच काही आठवड्यांत ओसरतात. दगडावरील हिरवी लव हे खरे शैवाल. ती हाताने उपटावी व गोगलगाईंकडून चरवून घ्यावी. वाळूवर पसरणारी तांबडी, चिकट साय मात्र शैवाल नव्हेच. तो सायनोबॅक्टेरिया, अर्थात जिवाणूंचा वंश. गोगलगाई तिला सहसा तोंड लावीत नाहीत. ती नळीने शोषून काढावी व त्या जागी पाण्याचा प्रवाह वाढवावा. चौथी, गुलाबी-जांभळी खपली, हे चुनखडीयुक्त शैवाल असून ते निरोगी टाकीचे लक्षण होय. ‘शेवाळ काढा’ असे सांगितलेला नोकर नेमके तेच खरवडतो!

लवेच्या मुळाशी बहुधा अन्नाचा अतिरेक असतो. माशांस पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे, गोठविलेल्या खाद्याचे वितळलेले पाणी टाकीत ओतू नये, आणि दिवे आठ तासांहून फार अधिक जाळू नयेत. येथे मापनही फसवे ठरते. टाकी हिरवीगार असताना फॉस्फेटची चाचणी शून्य दाखविते, कारण ते लवेनेच शोषून घेतलेले असते. लव काढल्यावर दगडात मुरलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून चिकाटीने दोन-तीन महिने पाणी पालटीत राहावे लागते. याउलट नायट्रेट व फॉस्फेट पार निपटून काढण्याचा हव्यासही घातक. त्या उपवासात प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट हे कित्येकदा विषारी असणारे जीव माजतात. फॉस्फेट प्रतिलिटर ०.१ मिलिग्रॅमच्या आत, परंतु शून्याच्या वर, एवढे साधावे.

काही जण शेवाळानेच शेवाळ हटवितात. शेजारच्या वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा वाढवून तिची वेळोवेळी कापणी केली, की तिने शोषलेले पोषक द्रव्य तिच्यासह बाहेर जाते. ही युक्ती उत्तम. प्रश्न कापलेल्या पेंढीचा. ती वाळवून कचऱ्यात टाकावी, मोरीत वा खाडीत नव्हे. ठाणे खाडीचा रामसर यादीत २०२२ साली समावेश झाला असून तिच्या एका भागात रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढविली जाणारी कॉलेर्पा टॅक्सिफोलिया १९८४ साली मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाच्या पायथ्याशी समुद्रात आढळली, तेव्हा तिने सुमारे एक चौरस मीटर जागा व्यापली होती. पुढे ती भूमध्य समुद्राच्या अनेक किनाऱ्यांवर पसरली.