शेजारच्या शाळेची पारख

मुलाचे सहावे वर्ष जवळ आले की शहरातील सुशिक्षित घरांतून शाळेचा विचार सुरू होतो. हा विचार बहुधा दोन-तीन नामांकित शाळांच्या नावांभोवतीच फिरत राहतो. त्यांची फी किती, बस कोठपर्यंत येते, प्रवेशाचे अर्ज केव्हा निघतात, याची कसून चौकशी होते. परंतु जिची घंटा घराच्या खिडकीतून ऐकू येते त्या महानगरपालिकेच्या शाळेचे नावही कोणी काढीत नाही. कोणी काढलेच, तर ‘तिथे कोण जाते?’ एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागतो. मंडईत अर्धा किलो वांगी घेतानाही देठ पाहणारी गृहिणी आणि कापड घेताना पोत चाचपणारा गृहस्थ, मुलाच्या आयुष्यातील इतका मोठा प्रश्न मात्र सांगोवांगीवर सोडून देतात. शेजारची शाळा चांगलीच असते असे नाही; वाईटच असते असेही नाही. ती कशी आहे हे पाहून ठरविता येते, आणि ते पाहावे कसे एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

ही शाळा म्हणजे कोणाचा धर्मादाय नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली झाला. पुढे सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावयास हवी. तेव्हा अशा शाळेत चौकशीस जाणारा पालक कोणाच्या दारी याचना करीत नसून, आपल्याच करातून चालणाऱ्या कामाचा हिशेब पाहत असतो.

पारखीचा आरंभ आकड्यांपासून करावा, पण शेवट तेथे करू नये. देशातील प्रत्येक शाळेला ११ अंकांचा ‘यू-डायस’ क्रमांक असतो, व त्यावरून तेथील मुले, शिक्षक आणि वर्गखोल्या यांची माहिती कोणासही पाहता येते. अधिनियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३ व ९१ ते १२० मुलांना ४ शिक्षक असले पाहिजेत. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे निदान १ शिक्षक हवा. हे प्रमाण जुळले म्हणजे सर्व जुळले, असे मात्र नव्हे. ९० मुलांच्या शाळेत ३ शिक्षक असले तर कायद्याचे समाधान होते. परंतु इयत्ता ५ असल्यामुळे त्यांपैकी दोघांना दोन-दोन वर्ग एकदम सांभाळावे लागतात. शिवाय जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण या कामांसाठी शिक्षकांना बोलाविण्याची कायद्यात तरतूद आहे. म्हणून पटावर शिक्षक किती, एवढेच न विचारता, गेल्या महिन्यात कोणता वर्ग किती दिवस शिक्षकाविना राहिला, हे विचारावे.

प्रत्यक्ष भेटीसाठी दिवस निवडण्यातही थोडे कौशल्य आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रत्येक शाळा साजरी दिसते. दिवाळीच्या सुटीनंतरचा एखादा साधा बुधवार निवडावा, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्यावी आणि मधल्या सुटीच्या थोडे आधी पोहोचावे. इमारतीच्या रंगापेक्षा स्वच्छतागृहाकडे अधिक लक्ष द्यावे. मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार आतून लागते काय, नळाला पाणी आहे काय, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. तेथे जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलीचे लक्ष धड्यावर राहणे कठीण असते. पुस्तकांच्या कपाटात कोरी करकरीत पुस्तके ओळीने मांडलेली असली तर ती कोणी हाताळीत नाही असे समजावे. कडा मळलेली, पाने सैल झालेली पुस्तके हे सुचिन्ह होय. दुपारच्या आहारात पाचवीपर्यंतच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे, आणि तो मुलांना वाढण्यापूर्वी निदान एका शिक्षकाने चाखावा असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाच मिनिटांत दिसते.

परंतु शाळेची खरी परीक्षा तिसरीच्या वर्गात होते. पहिली-दुसरीत मूल वाचावयास शिकते. तिसरीपासून ते वाचून शिकू लागते. दुसरीअखेर ज्याला वाचन आले नाही त्याला पुढचे सर्व विषय जड जातात. म्हणून वर्गशिक्षकांना विनंती करून दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील एखादा उतारा चार-पाच मुलांकडून वाचवून घ्यावा. ही मुले पुढच्या बाकावरची नसावीत. हुशार मूल कोणत्याही शाळेत वाचते. मधल्या व शेवटच्या बाकावरील मुले अडखळत का होईना, अर्थ समजून वाचीत असतील, तर त्या वर्गात शिकविणे चालले आहे असे निःशंक समजावे. अर्थात हे सर्व सौम्यपणे व्हावे. पाहुण्यासमोर मूल ओशाळे होता कामा नये.

त्यानंतर पाच-सहा वह्या उघडाव्यात. सर्व वह्यांतून एकच उत्तर अक्षरशः सारखे, किंबहुना एकच चूक सर्वत्र आढळली, तर मुलांनी फळ्यावरचे उतरून घेतले आहे हे उघड होय. उत्तरे निरनिराळी आहेत, चुकांवर शिक्षकांची खूण आहे आणि खाली मुलाने तेच वाक्य पुन्हा दुरुस्त करून लिहिले आहे, अशी वही दिसली की समाधान मानावे. मुलाचे उत्तर चुकले असता काय घडते, तेही पाहावे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस कायद्याने बंदी आहे. तथापि छडी नाहीशी झाली म्हणजे भीती गेली असे नव्हे. चुकलेल्या मुलाला सारा वर्ग हसतो, की ‘तुला असे का वाटले?’ म्हणून शिक्षक विचारतात, यावरून शाळेचा स्वभाव कळतो. ह्याच कसोट्या नामांकित शाळेलाही लावाव्यात; दुरून डोंगर साजरे हे शाळांच्या बाबतीतही खरे आहे.

इंग्रजीचा प्रश्न बहुतेक घरांत निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. कित्येक शाळांतून गणित व विज्ञान इंग्रजीत शिकविणारे ‘सेमी इंग्रजी’ वर्ग आहेत, आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळा तर आठ भाषांतून चालतात. फाटकावरील पाटी कोणत्या भाषेत आहे, याला फारसे महत्त्व नाही. शिक्षकाला ती भाषा सहज बोलता येते काय आणि न समजल्यास मुलाला तिच्यातून प्रश्न विचारता येतो काय, हे पाहावे. जेथे मुले प्रश्नच विचारीत नाहीत, तेथे कोणतेही माध्यम व्यर्थ होय.

परीक्षांचे निकालही जपून वाचावेत. प्रवेशाच्या वेळी घरची परिस्थिती पारखून घेतलेल्या मुलांचा निकाल आणि येईल त्या मुलास सामावून घेणाऱ्या शाळेचा निकाल एका तागडीत तोलता येत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले चमकली, याबरोबरच किती बसली होती, हेही विचारावे. शाळेचे वर्ग कितवीपर्यंत आहेत व पुढे मुले कोठे जातात, याची चौकशी आरंभीच करावी.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरांची खरी अडचण शाळा ही नसून संगत ही असते. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा आपल्या मुलाशेजारी बसेल, ही धास्ती कोणी उघड बोलत नाही, पण निर्णय तीच करते. मुलाची भाषा बिघडेल ही भीती असेल, तर घरी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करावे. भाषा घडविण्याचे पहिले काम घराचेच आहे. मात्र मारहाण होत असेल, वर्ग महिनोन्‌महिने शिक्षकाविना असेल किंवा आवार असुरक्षित असेल, तर ती शाळा नाकारण्यात कसलाही कमीपणा नाही. समाजहिताच्या तत्त्वासाठी स्वतःच्या मुलाचे बालपण खर्ची घालावे, असे कोणी सांगू नये.

या दोन टोकांच्या मध्ये ज्या पुष्कळ शाळा आहेत, त्यांच्यासाठी कायद्याने पालकांच्या हाती एक साधन दिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीची मागील सभा केव्हा झाली, हे इतिवृत्ताची वही मागून पाहावे. ज्या शाळेत शिक्षक मन लावून शिकवितात पण नळ गळका आहे, ती शाळा समितीतील चार जागरूक पालक सुधारू शकतात; जेथे नळ नवे आहेत पण शिकविणे नाही, तेथे काम फार कठीण जाते. शाळा निवडताना हा भेद ध्यानात ठेवावा.

यासाठी पालकांना खर्च येतो तो अर्ध्या दिवसाच्या रजेचा. तेवढा करून, तिसरीच्या वर्गातील शेवटच्या बाकावर थोडा वेळ बसून, मग हवा तो निर्णय घ्यावा. होकार असो वा नकार, तो मुलापुढे पुढेमागे सांगता येईल असा असावा.