रूळ आहेत, गाडी कोठे आहे?

श्रोतेहो, आम्ही स्थापत्यशास्त्र शिकलेलो नाही. कामगारांची संघटना बांधता बांधता जे वाचले, पाहिले, तेवढीच आमची शिदोरी. नागपुराहून कळमेश्वरला पहिल्या पाळीला येणाऱ्या कामगाराला दहा मिनिटे उशीर झाला, की त्याचा अर्धा रोज कापलेला आम्ही पाहिला आहे. त्याला उशिराचा दंड. मग शहरातील रेल्वे पाच-दहा वर्षे उशिरा आली, तर दंड कोणाला?

अशी रेल्वे उभी कशी राहते, ते आधी पाहू. प्रथम प्रकल्प अहवाल, मग राज्याची मंजुरी, नंतर केंद्राची. त्यापाठोपाठ कर्ज, निविदा आणि जमीन. खोदकाम लागले की रस्त्याखालचे नळ, गटारे, विजेच्या तारा हलवायच्या. एका कचेरीत कागद अडला, की पुढच्या पायऱ्याही अडतात.

नागपुरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये भूमिपूजन झाले, २०१५ साली काम लागले आणि मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी धावली. ही चाल चांगलीच म्हणावी लागेल. परंतु पहिला टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. मध्ये महामारी आली. शिवाय गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांवर मेट्रो. धावत्या रेल्वेच्या डोक्यावर तुळया चढवताना घाई करून चालत नाही. असा उशीर आम्ही समजू शकतो.

दुसरा उशीर निर्णय न होण्याचा. मुंबईच्या तिसऱ्या मार्गिकेची कारशेड आरेत की कांजूरमार्गला, या वादात २०१९ ते २०२२ ही वर्षे गेली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग पुरा उघडला ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि २३,१३६ कोटींचा अंदाज ३७ हजार कोटींवर गेला. झाडांचा प्रश्न खोटा नव्हता. पण तो पहिली कुदळ पडण्यापूर्वी सोडवायचा असतो. वाढलेला पैसा शेवटी तुमच्या-आमच्या खिशातूनच जातो.

आता आपले गाव. येथे नवे रूळ टाकण्याचाही प्रश्न नव्हता. नागपूर-इटारसी लोहमार्ग आपल्या दारातून जातो. त्याच रुळांवरून नरखेडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा करार २०१८ साली झाला. पाच वर्षे उलटली, तरी कळमेश्वरच्या फलाटावर ती गाडी आली नव्हती. याच रुळांवर मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची दाटी. रूळ एका खात्याचे, गाडी दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा. तिघांची सही झाली म्हणजे तिघांची जबाबदारी ठरली, असे होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पायरीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद स्थानकावर फलकावर लावा. तारीख टळली, तर कारण त्याच फलकावर लिहा. आणि तोवर पाळीच्या वेळा धरून बस सोडा. कामगाराची हजेरी फाटकावर रोज लागते. योजनेचीही लागली पाहिजे.