माणसाचा दोर वेगळा, फांदीचा दोर वेगळा



मे महिन्याच्या १५ तारखेला शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो. (माद्रिदच्या या शेतमजुराला १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळाले, आणि त्याच दिवशी गोव्यात ज्यांचे पवित्र शरीर आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) सण झाला की पाऊस दाराशी येतो आणि आपल्या खानापूर भागात कौलांवर वाकलेल्या आंब्याफणसाच्या फांद्या उतरवण्याची घाई सुरू होते. माणूस झाडावर चढतो तेव्हा गोठ्यात जो दोर हाताला लागेल तो खांद्यावर टाकून चढतो. त्याच दोराने कंबर बांधतो आणि त्याच दोराने फांदीही उतरवतो. घरभेटींच्या वेळी झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेली, अंथरुणाला खिळलेली माणसे मला भेटतात. म्हणून यंदा खताबियाण्यांचा विषय बाजूला ठेवून दोरांविषयी लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की ही दोन कामे निराळी आहेत. माणसाला धरणारा दोर मऊ, गाठ घट्ट बसणारा आणि कधीही हिसका न खाल्लेला असावा. फांदी उतरवणारा दोर जाड व दणकट असावा. त्याने हिसके खायचे, साल घासून घ्यायची आणि एके दिवशी निकामी व्हायचे. फांदीच्या कामाला एकदा लागलेला दोर पुन्हा माणसाच्या कमरेला बांधू नये. आतून किती तंतू तुटले आहेत ते बाहेरून दिसत नाही.

आता दोर कशाचा असावा ते पाहू. आपले जुने दोर काथ्याचे, अंबाडीचे, घायपाताचे. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, पण ताकदीने तो फार कमी. अंबाडी आणि घायपात कोरड्यात बरे. मात्र एक पावसाळा ओलीत गेला की आतून कुजू लागतात, आणि वरचा पेड चांगला दिसत राहतो. यांतला कोणताही दोर जनावराला दावे म्हणून ठीक, माणसाच्या जिवाला नव्हे.

बाजारात पिवळा किंवा निळा, हलका, पाण्यावर तरंगणारा जो प्लॅस्टिकचा दोर स्वस्तात मिळतो, तो पॉलिप्रॉपिलिनचा. हा आज घरोघरी आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवा आहे. १२ मिलिमीटर जाडीचा नवा दोर सुमारे २,००० किलोला तुटतो, हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण हा दोर उन्हात लवकर जीर्ण होतो. गोठ्याच्या छपरावर दोनतीन उन्हाळे काढलेला दोर हाताने चोळला तर भुकटी निघते. शिवाय तो निसरडा असल्याने गाठ सुटते, आणि साधारण १६५ अंशांला वितळत असल्याने वेगाने घासला गेला की घासलेल्या जागी कडक, चकाकणारा डाग पडतो. तो डाग म्हणजे वितळलेला दोर.

नायलॉनचा दोर याहून पुष्कळ बळकट. १२ मिलिमीटरचा नवा दोर सुमारे ३,००० किलो घेतो. तो ताणला जातो, त्यामुळे हिसका गिळतो. पण ओला झाला की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद कमी होते, आणि बॅटरीचे आम्ल त्याला खाऊन टाकते. ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरीशेजारी ठेवलेला नायलॉनचा दोर म्हणून संशयानेच पाहावा. पॉलिएस्टरचा दोर थोडा कमी ताकदीचा, पण तो फारसा ताणत नाही, पाण्याने कमजोर होत नाही आणि ऊनही बरेच सोसतो. झाडे छाटण्याचाच व्यवसाय करणारे लोक चढण्यासाठी ११ ते १३ मिलिमीटरचा, बहुधा पॉलिएस्टरचे विणलेले आवरण असलेला आणि सुमारे २,४५० किलोला तुटणारा दोर वापरतात. एका माणसाला एवढे बळ कशाला, असे कोणी विचारील. उत्तर गाठीत आहे. दोर गाठीपाशी वळतो, तेथे बाहेरच्या तंतूंवर सगळा ताण येतो आणि दोराची तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ताकद जाते. त्यात झीज, ऊन आणि ओल धरली म्हणजे कागदावरचे २,४५० फार राहत नाहीत.

फांदीच्या दोराचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा करून पाहावा. ओले लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १,००० किलो भरते. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका म्हणजे सुमारे २०० किलो, भाताची चार पोती. तो नुसता टांगला तर १२ मिलिमीटरचा नवा प्लॅस्टिक दोर तो धरील. पण आपण काय करतो? दोर बेचक्यात ओढून ओंडका वर बांधतो आणि कापतो. ओंडका एक मीटर खाली येतो आणि गच्चकन थांबतो. थांबताना दोर समजा २० सेंटिमीटर ताणला, तर त्या क्षणी दोरावर वजनाच्या सहापट, म्हणजे १,२०० किलोचा ताण येतो. गाठीने दोराचे बळ निम्मे झाले असेल तर उरले १,०००. दोर तुटणार. आणि कप्पी जेथे बांधली आहे तेथे ओंडक्याची बाजू आणि धरणाऱ्याची बाजू असे दोन्हीकडचे ओढणे एकत्र येते, म्हणून तेथला ताण दुप्पट असतो. पुष्कळदा दोर शाबूत राहतो आणि वरचे बेचके फाटते. त्याच बेचक्याला माणूस बांधलेला असेल तर काय होईल ते सांगावयास नको.

यावरचे उपाय सोपे आहेत आणि पैशाचे कमी आहेत. फांदी लहान तुकड्यांत उतरवावी. कप्पी कापण्याच्या जागेच्या वर बांधावी आणि कापण्यापूर्वीच दोर ताठ ओढून घ्यावा, म्हणजे तुकडा पडत नाही, नुसता लोंबतो. खाली दोर हातात धरून उभे राहू नये. शेजारच्या बळकट झाडाच्या बुंध्याला दोनतीन वेढे द्यावेत. वेढ्यांच्या घर्षणाने एक माणूस चार पोत्यांचे वजन सावकाश सोडू शकतो. उतरवण्याचे वजन नव्या दोराच्या तुटण्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. १६ मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर सुमारे ४,००० किलोचा असतो, तेव्हा ४०० किलोपर्यंत त्याचा भरवसा धरता येतो.

वर चढलेल्या माणसासाठी दोर केवढा लांब घ्यावा? झाडाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. १५ मीटरच्या झाडाला ३५ मीटर, आणि टोकाला एक जाड गाठ, म्हणजे उतरताना दोर संपून निसटणार नाही. कमरेला नुसता फास नको. पडल्यावर तो बरगड्यांत रुततो. मांड्यांनाही पट्टे असलेला हार्नेस घ्यावा. आपल्याकडे अशा सुरक्षा-पट्ट्यांसाठी भारतीय मानक आय. एस. ३५२१ आहे, विकत घेताना ती खूण पाहून घ्यावी. कोयता, कुऱ्हाड किंवा करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा. ताठ दोराला कोयत्याची धार नुसती लागली तरी तो एका क्षणात तुटतो.

माड आणि पोफळ यांना फांदी नाही, तेव्हा तेथे खोडाभोवतीचा दोर माणसाबरोबर वर सरकवत न्यावा लागतो. पायांनी चालवायची शिडीसारखी यंत्रे मिळतात. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना या यंत्रांवर चढण्याचे शिक्षण देणे सुरू केले. इच्छुकांनी चौकशी अवश्य करावी.

दोर चढण्यापूर्वी दर वेळी तपासावा. सबंध दोर बोटांतून सरकवत न्यावा. चपटी, कडक किंवा चकाकणारी जागा लागते का ते पाहावे. तीनपेडी दोर असेल तर पीळ उलगडून आत डोकवावे. भुकटी, काळेपणा किंवा कुबट वास असेल तर तो दोर कापून त्याची दावी करावीत. कापावाच, कारण अखंड ठेवला तर पुढच्या वर्षी कोणीतरी तो घेऊन चढतोच. रेतीचे कण आतून तंतू कापतात, म्हणून दोर जमिनीवर न टाकता गोणपाटावर ठेवावा. मळला तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. माणसाच्या दोराच्या दोन्ही टोकांना लाल सूत गुंडाळून तो घरात, उंदीर आणि औषधफवारणीच्या डब्यांपासून दूर, खुंटीला टांगावा. लाल सुताचा दोर गुरांना बांधायचा नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

विजेची तार जवळ असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय चढूच नये. ओला दोर वीज वाहून नेतो.

एकट्याने कधी चढू नये. दोरात लोंबकळत असलेला माणूस बेशुद्ध झाला तर काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका होतो, कारण पायांतले रक्त वर येत नाही. त्याला लगेच खाली घेणारा, दोर कसा सोडायचा हे माहीत असलेला माणूस खाली हवाच. शुद्धीवर असेल तर त्याने तोवर पाय हलवत राहावे. आणि कोणी पडलाच, तर त्याला हातापायांना धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. मान व पाठ एका रेषेत राहील असे त्याला आहे तेथेच स्थिर ठेवावे, रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका पोचण्यासारखी नसेल तरच चार जणांनी एकदम, मान न वळवता, त्याला सपाट फळीवर किंवा काढलेल्या दारावर सरकवावे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घड्या घातलेली कांबळी ठेवून कपाळ व छाती फळीला बांधावी आणि तसेच आडवे न्यावे.